वंगभूमीचे मराठी सुपुत्र : सखाराम गणेश देउस्कर

मंडळाच्या स्थापनेस पन्नास वर्षे पूर्ण होत असता मागे वळून पाहण्याचा मोह आम्हांस आवरत नाही. गणेशोत्सव अखंड चालले, नाटके बसली, ग्रंथालयाची कपाटे भरत गेली, तिळगुळाच्या निमित्ताने घरेघरे एकत्र आली. जमेच्या बाजूस मांडण्यासारखे पुष्कळ आहे. परंतु परमुलखात स्थिरावलेल्या कुटुंबांच्या हिशेबाच्या वहीत एक पान बहुधा कोरे राहते. ज्या भूमीने आम्हांस अन्न दिले, आसरा दिला, आमच्या मुलांना आपल्या शाळेत बसवून घेतले, त्या भूमीच्या पदरात आम्ही काय घातले, याचा जाबजबाब त्या पानावर लिहावयाचा असतो. ते पान ज्याने आपल्या आयुष्यभर लिहिले अशा एका पुरुषाचे चरित्र या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावे, असे आमच्या मनात आले. बंगालमध्ये त्यांचे नाव आदराने घेतले जाते, हिंदी जगतातही ते परिचित आहे. मराठी घरांतून मात्र ते क्वचितच ऐकू येते. त्यांचे नाव सखाराम गणेश देउस्कर.

त्यांच्या जीवनाचा विचार करताना एक जुनी आणि काहीशी अप्रिय गोष्ट आधी सांगितली पाहिजे. इ. स. १७४२ पासून सुमारे दहा वर्षे नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर वारंवार चालून गेल्या. अखेर १७५१ साली नबाब अलिवर्दीखानाने वर्षास १२ लक्ष रुपये चौथ देण्याचे मान्य केले आणि ओरिसाचा मुलूख मराठ्यांच्या हाती गेला. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत या स्वाऱ्यांची नोंद पराक्रमाच्या सदरात होते. बंगालच्या खेड्यापाड्यांत त्यांची आठवण जळालेली घरे आणि लुटलेली कोठारे यांच्याशी निगडित आहे. आपण ज्याला बारगीर म्हणतो त्याचाच बंगालीत बर्गी झाला, आणि या बर्गीचे भय तेथील अंगाईगीतात जाऊन बसले. इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खणावयास घेतलेला खंदक मराठ्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. ज्या प्रांतात तान्ह्या बाळाला निजवताना आपल्या माणसांचे नाव असे निघते, त्या प्रांतात एका मराठी माणसाला लोकांनी पुढे आपला म्हणून जवळ केले. हे कसे घडले, ते पाहण्याजोगे आहे.

देउस्कर हे घराणे मूळचे कोकणातले. देऊस या गावावरून त्यांस हे आडनाव मिळाले. अठराव्या शतकात मराठी सत्तेचा विस्तार होत असता त्यांचे पूर्वज पूर्वेकडे गेले आणि वैद्यनाथधाम देवघरजवळच्या करौं या गावी स्थायिक झाले. ज्योतिर्लिंगांतील वैद्यनाथ ते देवघरचे की आपल्या परळीचे, हा वाद भाविकांत जुनाच आहे. देउस्करांच्या घराण्याने मात्र देवघरच्या वैद्यनाथाला आपलेसे केले. हा भाग त्या काळी बंगाल इलाख्यात मोडत असे, १९१२ साली तो बिहार व ओरिसा या नव्या प्रांतात गेला, आणि सन २००० पासून झारखंड राज्यात आहे. या करौं गावी १७ डिसेंबर १८६९ रोजी सखारामांचा जन्म झाला.

पाचव्या वर्षीच त्यांचे मातृछत्र हरपले. पुढे त्यांचा सांभाळ आत्याने केला. ही बाई विद्येची आवड असलेली, मराठी वाङ्मयाची चांगली जाणकार होती. महाराष्ट्रापासून शेकडो कोस दूर, पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहिलेल्या त्या घरात तिने या पोरक्या मुलाच्या कानी मायबोली घातली आणि तिची गोडी लावली. घराण्याच्या रीतीप्रमाणे वेदपठण झाले. आणि दाराबाहेर पाऊल टाकताच जी भाषा कानी पडे ती बंगालीही त्यांनी मनापासून आत्मसात केली. एका भाषेसाठी दुसरीचा बळी देण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. त्यांच्या पुढील सर्व कर्तृत्वाचे मूळ आम्हांस या दुहेरी संस्कारात दिसते.

१८९१ साली देवघरच्या आर. मित्र विद्यालयातून ते प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाले आणि १८९३ पासून त्याच शाळेत शिक्षक म्हणून काम करू लागले. इतिहास हा त्यांच्या विशेष आवडीचा विषय होता. त्या वेळी देवघर हे हवापालटासाठी येणाऱ्या सुशिक्षित बंगाली कुटुंबांचे गाव झाले होते. बंगालच्या राष्ट्रीय जागृतीचे एक वयोवृद्ध अध्वर्यू राजनारायण बसू हे १८७९ पासून तेथेच राहत होते. अरविंद घोष आणि बारींद्रकुमार घोष यांचे ते मातामह. या ऋषितुल्य पुरुषाच्या सहवासात तरुण शिक्षक सखारामांच्या विचारांना दिशा मिळाली. राजकारणात मात्र त्यांनी गुरुस्थानी मानले ते पुण्याच्या लोकमान्य टिळकांना. राजनारायणबाबूंचा सहवास आणि टिळकांचा आदर्श या दोहोंचा मिलाफ या एका माणसाच्या ठायी झाला.

त्यांच्या सत्त्वाची पहिली कसोटी देवघरातच लागली. हार्ड नावाचा एक इंग्रज मॅजिस्ट्रेट तेथे होता आणि त्याच्या जुलमाने रयत त्रासली होती. देउस्करांनी कलकत्त्याच्या ‘हितवादी’ या बंगाली पत्रात त्याच्याविरुद्ध लेख लिहिले. परप्रांतीय म्हणून स्वस्थ बसण्याची, दुसऱ्यांच्या भानगडीत न पडण्याची सवलत त्यांना सहज घेता आली असती. पोटापाण्यासाठी दूर गेलेल्या माणसाला ही सवलत किती मोहाची असते, हे आम्हां साऱ्यांना ठाऊक आहे. त्यांनी ती घेतली नाही. गावकऱ्यांवरील अन्याय तो आपल्यावरील अन्याय, असे मानून ते लिहीत राहिले. नोकरी घालवण्याची धमकी आली तेव्हा त्यांनी ती आपण होऊनच सोडली आणि कलकत्त्याची वाट धरली.

कलकत्त्यास ‘हितवादी’च्या कचेरीत त्यांना काम मिळाले ते मुद्रिते तपासण्याचे. एका शिक्षकाने, तेही वर्तमानपत्रात नाव झालेल्या लेखकाने, दुसऱ्यांच्या मजकुरातील काने-मात्रे सुधारीत बसावे, यात कमीपणा वाटण्याजोगे पुष्कळ होते. परंतु बंगाली गद्याची सूक्ष्म जाण त्यांना याच मेजावर आली असावी असे आम्हांस वाटते. ज्या भाषेत आपण पाहुणे आहोत तिचे नियम पाहुण्याने यजमानापेक्षा अधिक काळजीने पाळावे लागतात. अंगभूत बुद्धी आणि परिश्रम यांच्या बळावर ते पुढे त्याच पत्राच्या संपादकपदापर्यंत पोहोचले. कलकत्त्यासारख्या विद्वानांच्या नगरीत, एका नामांकित बंगाली वृत्तपत्राचा संपादक एक मराठी गृहस्थ होता, ही गोष्ट आजही नवलाची वाटते.

या काळात त्यांनी बंगाली वाचकांसाठी महाराष्ट्राची कवाडे उघडून दिली. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत निवर्तले. त्याच वर्षी देउस्करांचे ‘महामति रानडे’ हे बंगाली चरित्र प्रसिद्ध झाले. बाजीराव, झाशीचा राजकुमार, आनंदीबाई, शिवाजी अशा विषयांवर त्यांची लहानमोठी पुस्तके एकामागून एक बाहेर पडली. बर्गी एवढ्या एका शब्दात ज्यांना मराठा माणूस ठाऊक होता, त्यांच्यासमोर त्यांनी रानडे ठेवले, समाजसुधारणेची धडपड ठेवली, स्वराज्यस्थापनेची कथा ठेवली. बंगालच्या आठवणीत जे दुःख होते त्याला उत्तर म्हणून त्यांनी वादविवाद मांडला नाही. आपल्या लोकांकडे जे चांगले होते ते बंगालच्या भाषेत आणून दिले.

१९०२ पासून कलकत्त्यात शिवाजी-उत्सव सुरू झाला त्यामागे देउस्करांची प्रेरणा होती. टिळकांनी १८९६ साली रायगडावर जो उत्सव आरंभला त्याचेच हे बंगालमधील रूप. १९०४ साली त्यांची ‘शिवाजीर दीक्षा’ ही पुस्तिका निघाली, तेव्हा तिच्यासाठी रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘शिवाजी-उत्सव’ ही आपली दीर्घ कविता दिली. ज्या बंगालला बर्गीच्या स्वाऱ्यांची झळ लागली होती, त्याच्या श्रेष्ठ कवीने शिवाजीवर काव्य लिहावे, या घटनेचे मोल नुसत्या साहित्याच्या मापाने करता येणार नाही. अरविंद घोषांनी तर पुढे असे नमूद करून ठेवले आहे की ‘स्वराज’ हा शब्द बंगालच्या राजकारणात प्रथम आला तो देउस्करांच्या शिवचरित्रातून. १९०६ च्या डिसेंबरात कलकत्त्यास भरलेल्या काँग्रेसच्या व्यासपीठावरून दादाभाई नौरोजींनी ‘स्वराज्य’ हे ध्येय उच्चारले, त्यापूर्वी तो शब्द बंगाली तरुणांच्या कानांवरून गेलेला होता.

चरित्रकाराने गुणांबरोबर मर्यादाही सांगाव्या. १९०६ च्या जून महिन्यात स्वतः टिळक कलकत्त्यास या उत्सवासाठी आले. मोठी गर्दी लोटली. परंतु त्या वर्षी उत्सवात भवानीच्या मूर्तीचे पूजन झाले आणि ते मूर्तिपूजा न मानणाऱ्या ब्राह्मो मंडळींना व मुसलमान बांधवांना रुचले नाही. पुढील वर्षांत उत्सवाचा जोर ओसरत गेला. महाराष्ट्रातून आणलेले रोप बंगालच्या मातीत तसेच्या तसे रुजणे कठीण होते. आपल्या घरचे जे जे प्रिय ते ते दुसऱ्याच्या अंगणात त्याच रूपात शोभेलच असे नाही, हा बोध त्यातून घ्यावयास हरकत नाही. देउस्करांचे जे कार्य खरोखर खोलवर रुजले ते वेगळेच होते आणि ते सर्वस्वी बंगालच्या गरजेतून निपजले होते.

ते कार्य म्हणजे १९०४ साली प्रसिद्ध झालेला ‘देशेर कथा’ हा ग्रंथ. हिंदुस्थानच्या दारिद्र्याची मीमांसा त्या सुमारास मोठमोठ्या विद्वानांनी केली होती. दादाभाईंचा ग्रंथ १९०१ साली निघाला, विल्यम डिग्बी यांचाही त्याच वर्षी, आणि रमेशचंद्र दत्तांचा आर्थिक इतिहास १९०२ पासून प्रसिद्ध होऊ लागला. पण हे सारे ग्रंथ इंग्रजीत होते. ज्या विणकराचा माग बंद पडला, ज्या शेतकऱ्याच्या घरात सारा भरून दाणा उरत नव्हता, त्याच्या मुलाला ते वाचता येण्याजोगे नव्हते. देउस्करांनी सरकारी अहवाल, इंग्रज अधिकाऱ्यांचे स्वतःचे कबुलीजबाब आणि या विद्वानांचे आकडे एकत्र केले व साध्या, तळमळीच्या बंगालीत ते मांडले. कापडाचा धंदा कसा बुडाला, शेतकरी कर्जात कसा रुतला, दुष्काळ लागोपाठ का पडतात आणि देशाचा पैसा कोणत्या वाटांनी समुद्रापार जातो, हे त्यांनी उलगडून दाखविले. त्याचबरोबर परकी सत्ता मुलखाप्रमाणे मनही जिंकते, आणि आपल्यापाशी काहीच चांगले नव्हते असे जित लोकांना पटवून देते, हेही त्यांनी बजावले.

या ग्रंथाचे यश अपूर्व होते. पाच-सहा वर्षांच्या आत त्याच्या पाच आवृत्त्या निघून तेरा हजार प्रती छापल्या गेल्या. त्या काळातील साक्षरतेचे प्रमाण ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते. शिवाय एक प्रत एकाच घरात थांबत नसे. ग्रंथ निघाला त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १६ ऑक्टोबर १९०५ रोजी, बंगालची फाळणी अमलात आली. विदेशी मालावरील बहिष्काराचा ठराव त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये झाला होता. रस्त्यावर विलायती कापडाची होळी पेटवणाऱ्या तरुणांना ते कापड का जाळावयाचे याचे आकड्यांसह उत्तर ‘देशेर कथा’ने अगोदरच पुरविले होते. स्वदेशीच्या चळवळीची मने तयार करण्यात या पुस्तकाचा वाटा फार मोठा होता, अशी ग्वाही अरविंदांसारख्या पुढाऱ्याने दिली आहे. सरकारलाही त्याची धास्ती वाटली. १९१० साली ग्रंथावर बंदी आली. लेखकाला याहून मोठे प्रशस्तिपत्र परकी सरकारने क्वचितच दिले असेल.

तत्पूर्वीच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण प्रसंग येऊन गेला होता. १९०७ च्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेस दुभंगली. ‘हितवादी’च्या मालकांचा कल नेमस्तांकडे होता. जहाल पक्षाविरुद्ध आणि टिळकांविरुद्ध अग्रलेख लिहावा, असे त्यांनी आपल्या संपादकाला सांगितले. देउस्करांपुढे दोन वाटा होत्या. ज्या पत्राने त्यांना कलकत्त्यात उभे केले, जेथे मुद्रिते तपासता तपासता ते संपादक झाले, तेथील मीठ खाल्ल्याचे स्मरण एकीकडे. आणि आपली अंतरीची निष्ठा दुसरीकडे. त्यांनी तो लेख लिहिण्यास नकार दिला व राजीनामा देऊन ते बाहेर पडले. यात प्रांताभिमान होता असे मानणे चूक होईल. बंगालमधील असंख्य तरुण त्या वेळी टिळकांच्याच मताचे होते. देउस्करांनी नोकरी सोडली ती पटलेल्या मतासाठी. बंगालच्या वाचकांनी ज्यावर विश्वास ठेवला होता ती लेखणी त्यांनी विकली नाही, ही त्यांनी वाचकांचीच केलेली सेवा होय.

यानंतर ते राष्ट्रीय शिक्षा परिषदेच्या कलकत्त्यातील नॅशनल कॉलेजात शिकवू लागले. ही परिषद १९०६ साली स्थापन झाली होती आणि अरविंद घोष हे कॉलेजाचे पहिले प्राचार्य होते. कालांतराने, १९५५ साली, याच परंपरेतून जादवपूर विद्यापीठ उभे राहिले. देउस्करांकडे तेथे विषय होते हिंदुस्थानचा इतिहास आणि बंगाली भाषा. वाचकांनी या दुसऱ्या विषयापाशी क्षणभर थांबावे. बंगाली मुलांना बंगाली शिकविण्यासाठी बंगाली पंडितांनी एका मराठी घरातील माणसाची निवड केली. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्या खटल्याची हकीकत व टिळकांचे संक्षिप्त चरित्र त्यांनी बंगालीत लिहून प्रसिद्ध केले. मंडालेच्या तुरुंगात गेलेल्या पुढाऱ्याचे नाव बंगाली घराघरांत पोहोचविण्याचे कर्तव्य त्यांनी असे बजावले.

पण दिवस पालटत होते. सरकारची वक्रदृष्टी वळली आणि कॉलेजाचे चालक धास्तावले. १९१० साली देउस्करांनी तेथील कामही सोडले. त्याच वर्षी ग्रंथ जप्त झाला. ‘हितवादी’ सुटले होते, आता कॉलेजही सुटले. अखेर ते आपल्या करौं गावी परतले. २३ नोव्हेंबर १९१२ रोजी, वयाची त्रेचाळीस वर्षेही पुरी झाली नसता, त्यांची प्राणज्योत मालवली. जन्मभर महाराष्ट्राचा ध्यास घेतलेल्या या माणसाचा देह वैद्यनाथाच्या परिसरातील त्याच मातीला मिळाला, जिला त्यांच्या पूर्वजांनी आपली मानली होती.

त्यांच्या हातून पेटलेला दिवा त्यांच्याबरोबर विझला नाही. त्यांचे भाचे बाबूराव विष्णू पराडकर हे काशीच्या मराठी घरातले. १९०६ साली तेही कलकत्त्यास आले आणि मामांच्या तालमीत वृत्तपत्राचा धंदा शिकले. ‘देशेर कथा’चा ‘देश की बात’ हा हिंदी अनुवाद त्यांनी केला. पुढे काशीच्या ‘आज’ दैनिकाचे संपादक म्हणून पराडकरांनी हिंदी पत्रकारितेला जे वळण दिले, त्यामुळे हिंदी भाषिक त्यांना आजही आपल्या पत्रसृष्टीच्या आद्य आचार्यांत गणतात. मामाने बंगालीला वाहून घेतले, भाच्याने हिंदीला. घर दोघांचेही मराठीच होते. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकात नॅशनल बुक ट्रस्टने ‘देश की बात’ पुन्हा वाचकांच्या हाती दिले. शंभर वर्षांनंतरही ग्रंथाची मागणी सरलेली नव्हती.

एका घराण्याने दोन भाषांना असे वाहून घेतले, याचे रहस्य काय असावे? देउस्करांपाशी धन नव्हते, अधिकार नव्हता, संस्था नव्हती. आत्याने दिलेली मराठी, शेजाऱ्यांकडून घेतलेली बंगाली आणि आसपासच्या माणसांच्या दुःखाकडे डोळे उघडे ठेवण्याची वृत्ती, एवढेच त्यांचे भांडवल. हे भांडवल परप्रांतात राहणाऱ्या प्रत्येक मराठी घरात थोडेफार असतेच. आमची मुले शाळेत येथील भाषा बोलतात आणि घरी येऊन आजीशी मराठीत भांडतात. आम्हांस पुष्कळदा वाटते की त्यांची मराठी उणी पडते आहे. त्यांच्याजवळ दोन भाषांची मिळकत साठते आहे हे आम्ही विसरतो. ती मिळकत कोणाच्या उपयोगी पडणार, हा विचार आम्ही त्यांच्या मनात घालतो काय?

अठराव्या शतकात मराठी घोडदळाने बंगालमधून चौथ वसूल केली. विसाव्या शतकाच्या आरंभी एका मराठी माणसाने आपली सारी उमर देऊन तिची यथाशक्ती परतफेड केली, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही. इतिहासाचे कर्ज एका जन्मात फिटत नसते, परंतु फेडण्यास आरंभ कोणीतरी करावाच लागतो.

मंडळाच्या ग्रंथालयात देउस्करांचे एखादे पुस्तक असावे, अशी आमची नम्र सूचना आहे. ‘देश की बात’ हिंदीत मिळते. बंगाली जाणणाऱ्या सभासदांनी मूळ ग्रंथ मिळवून त्यातील निवडक प्रकरणांचा मराठी परिचय मंडळाच्या बैठकीत करून द्यावा. त्या बैठकीस आपल्या गल्लीतले, कचेरीतले, शाळेतले स्थानिक स्नेहीही निमंत्रित असावेत आणि बोलणे त्यांनाही समजेल अशा भाषेत व्हावे. पन्नास वर्षे आपण आपल्यासाठी जमलो. एक्कावन्नाव्या वर्षी आपल्या सतरंजीवर शेजाऱ्यासाठी जागा करावी. सखाराम गणेश देउस्करांच्या स्मृतीस आमचे हेच अभिवादन.